डॉक्टरांचा दुसरा फ्रीज

कुणाकडे पाहुणा आला की तो आधी चपला काढतो, मग 'बसा, बसा' म्हटल्यावर बसतो आणि पाणी येईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो. आमचे डॉक्टर चपला काढत आणि थेट फ्रीजकडे जात. दार उघडून आत हात घालत, तळवा खाली करून क्षणभर डोळे मिटत, आणि तापानं फणफणलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा चेहरा करून म्हणत, "सहा. फार तर साडेसहा. दाराचं रबर गेलंय तुमच्या." मग सोफ्यावर बसत. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा माझ्या सासूबाईंना वाटलं, हा माणूस आमच्या घरात काय काय शिळं ठेवलंय ते बघतोय. त्या दिवशी डॉक्टरांना चहा मिळाला तो अर्धा कप. ह्यांनी दुसऱ्या दिवशी हौसेनं थर्मामीटर आणून फ्रीजमध्ये ठेवला. साडेसहा. रबरही गेलेलं होतं.

आमच्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं. आमचं, डॉक्टरांचं, आणि त्यांच्या अगदी समोर जयाबेनचं. डॉक्टरांच्या दारावर पितळी पाटी होती, तिच्यावर नावाआधी ठसठशीत 'डॉ.' होतं, आणि त्या एका अक्षरानं त्यांना आयुष्यभर छळलं. सोसायटीत कुणाला खोकला झाला की वॉचमन त्याला वर धाडायचा. एकदा ए विंगमधले एक गृहस्थ दुखरा गुडघा घेऊन आले. मधेच कुणाला तोडायचं हे डॉक्टरांना कधी जमलं नाही. त्यांनी गुडघ्याची कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, आणि मग शांतपणे सांगितलं, "मी मोहरीचा डॉक्टर आहे हो. तेलबियांचा. थंडीत कुठलं रोप मरतं आणि कुठलं जगतं, ते बघत होतो मी." गृहस्थ म्हणाले, "काही हरकत नाही, पण बोलून बरं वाटलं." पुढे कित्येक महिने ते बोलायला येत राहिले, गुडघा घेऊनच.

खरी गंमत अशी की हा माणूस परळला, चाळीत वाढलेला. थंडी म्हणजे जानेवारीत आईनं पायांवर टाकलेलं जुनं लुगडं, एवढंच त्याला ठाऊक. शेतकी शिकायला बाहेर पडले, शिकता शिकता एका पहाडी गावात पोचले, आणि तिथं एका सकाळी सरसोंच्या शेतात गोठलेलं दंव पाहिलं. अख्खं शेत काचेचं झालेलं, आणि ऊन चढल्यावर निम्मी रोपं उकडलेल्या भाजीसारखी लोळलेली आणि निम्मी ताठ उभी. "एकाच बांधावरची, एकाच दिवशी पेरलेली," ते सांगायचे. "म्हटलं, ह्या उभ्या राहिलेल्यांकडे असं काय आहे?" त्या प्रश्नापायी त्यांनी सगळी नोकरी उत्तरेकडच्या डोंगरांत काढली. निवृत्त झाल्यावर सुधाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, स्पष्ट बजावलं, "आता मला घाम येईल अशा ठिकाणी राहायचंय." म्हणून भाईंदर. काकूंची इच्छा आमच्या गावानं पुरेपूर पुरवली.

मला हे सगळं कळायचं काही कारण नव्हतं. मी ऑफिसातली कारकून बाई, जीन म्हटलं की मला पँट आठवायची. पण डॉक्टर समजावून सांगत तेव्हा समोरच्याला आपण हुशार आहोत असं वाटायला लागे. ते म्हणत, थंडी सोसण्याचा असा एक जीन नसतो. खूप असतात, आणि प्रत्येकाचा हात थोडा थोडा लागतो, लग्नघरात लागतो तसा. एक पानातलं पाणी सांभाळतो, एक साखर वाढवतो, एक नुसताच 'आता वाढू नको, गप बस' म्हणून दम देतो. आणि हिवाळी जातीच्या रोपात एक कुलूप असतं. फुलायचं नाही म्हणजे नाही, असं कुलूप. थंडी ते हळूहळू उघडते. आठवडेच्या आठवडे लागतात. पूर्ण उघडलं की मग रोप खुशाल ऊन बघून फुलतं. "आणि अर्धंच उघडलेलं असताना ऊन लागलं तर?" मी एकदा विचारलं होतं. "तर परत बसतं," डॉक्टर म्हणाले होते. "रोपाला वाटतं, हिवाळा आलाच नव्हता."

"थंडी एकदम द्यायची नसते" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. रोपाला आधी थोडा गारवा द्यायचा, मग जरा जास्त, मग अजून जास्त. असं सरावलेलं रोप बर्फातही तगतं. तेच रोप उबेतून उचलून एकदम गारठ्यात टाकलं की एका रात्रीत संपतं. हे वाक्य ते कुठंही वापरत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीनं मेंटेनन्स वाढवल्याचं बॉम्ब टाकल्यासारखं जाहीर केलं, आणि आरडाओरडा झाला, तेव्हा डॉक्टर मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "अहो, थंडी एकदम द्यायची नसते. आधी दोन महिने नुसती कुजबुज करायची." पुढच्या वाढीच्या वेळी सेक्रेटरीनं खरोखर तसंच केलं आणि कुणी चकार शब्द काढला नाही. ह्याबद्दल मी डॉक्टरांना अजून माफ केलेलं नाही.

माणसांचे ते दोनच प्रकार करत, हिवाळी आणि वसंती. वसंती भराभर फुलतात, सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात, आणि पहिल्या गारठ्याला मान टाकतात. हिवाळी बराच काळ जमिनीला चिकटून बसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, ह्यांचं काही खरं नाही. माझा मुलगा बारावीत आपटला तेव्हा घरात सुतकासारखं वातावरण होतं. डॉक्टर आले, फ्रीज तपासला, बसले आणि म्हणाले, "विनया, रडू नकोस. तो हिवाळी आहे. फुलेल. पण तू रोज जाऊन माती उकरून बघू नकोस." मुलाचं पुढं बरं झालं. त्याला अजूनही कुणी उशीर का झाला विचारलं की तो सांगतो, "मी हिवाळी आहे."

त्यांचा स्वतःचा मुलगा कॅनडात. तिथून फोन यायचा, "बाबा, आज उणे अठ्ठावीस आहे." कुठलाही बाप म्हणेल, कानटोपी घाल रे. डॉक्टर विचारत, "बर्फ आधी पडला की थंडी आधी पडली?" कारण बर्फ आधी पडला तर तो रोपांवर गोधडीसारखा बसतो आणि रोपं वाचतात. मुलगा बिचारा बँकेत कामाला. त्याला काय माहीत आधी काय पडलं. काकू फोन हिसकावून घेत आणि म्हणत, "अहो, तो माणूस आहे, मोहरी नाही." त्यावर डॉक्टर हसत, पण फोन ठेवला की हळूच मला म्हणत, "तरी त्यानं बघायला हवं होतं."

आणि त्यांचा तो दुसरा फ्रीज. निवृत्त होऊन आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी केबिन रोडवरच्या दुकानातून एक जुना फ्रीज आणला. दुकानदार त्यांना चकाचक रंग दाखवत होता, आणि डॉक्टर दर फ्रीजमध्ये हात घालून डोळे मिटून उभे. तो फ्रीज मागच्या खोलीत ठेवला, त्याचे कप्पे काढले, आत छोटी ट्यूब बसवली, आणि त्यात कुंड्या ठेवल्या. भाईंदरमध्ये हिवाळा नाही, म्हणून घरात आणला. ते म्हणत, "इथं थंडी येते, पण चहालासुद्धा थांबत नाही." खरंच जानेवारीत ते पहाटेची बस धरून घोडबंदरला खाडीकाठी जायचे, तिथं केबिन रोडपेक्षा दोन डिग्री गार असतं म्हणून, आणि तेवढ्या गारव्यात उभं राहून आनंदानं परत यायचे. अंगात हाफ शर्ट, आणि चेहरा असा की माहेरी जाऊन आलेत.

त्या फ्रीजमध्ये होती 'आडमुठी'. डॉक्टरांनी पहाडातल्या एका जुन्या गावठी सरसोंशी संकर करून, वर्षानुवर्षं निवड करत तयार केलेलं हे वाण. कागदोपत्री त्याला काहीतरी आकडे होते. डॉक्टर आडमुठीच म्हणत, कारण पोटभर थंडी मिळाल्याशिवाय ती फुलायचं नाव घेत नसे. दुसऱ्या जातींना हिवाळ्यात मधेच चार दिवस ऊन पडलं की वाटे वसंत आला, त्या सैल पडत, आणि मग परत गारठा आला की मरत. आडमुठी अशा चार दिवसांच्या उन्हाला भुलत नसे. पण ती उशिरा पिकायची आणि उतारा, म्हणजे दाण्याचं उत्पन्न, जरा कमी. नवी वाणं पसंत करणाऱ्या कमिटीनं नापास केली. बियांची पाकिटं टाकून द्यायची ठरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, मला द्या. "नापास झालेलं पोर कुणी रस्त्यावर सोडतं का?" हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी जरा चढायचा.

बी म्हणजे जिवंत वस्तू, ते म्हातारं होतं. काही वर्षांनी परत पेरून ताजं करून घ्यावं लागतं. म्हणून हा सगळा खटाटोप. नोव्हेंबरात पेरायचं, रोपं फ्रीजमध्ये, डायल दर काही दिवसांनी थोडा थोडा पुढं. कुलूप उघडलं की कुंड्या बेडरूममध्ये एसी लावून ठेवायच्या, आणि काकूंनी हॉलमध्ये झोपायचं. कळ्यांवर बटरपेपरच्या पिशव्या बांधायच्या, ब्रशनं पराग लावायचा. काकू म्हणत, "ह्यांनी मला आयुष्यात एकदा उटीला नेलं नाही. सरसोंसाठी घरात उटी केली." पण मधली काही वर्षं काकूंचं पाठीचं ऑपरेशन झालं, मग सगळ्यांनाच घरात कोंडणारा तो आजार आला, आणि पेरणी राहून गेली. बी डबीत तसंच पडून होतं, म्हातारं होत.

त्या ऑक्टोबरात कमलाचा फोन आला. कमला म्हणजे त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता तिकडंच डोंगरात तेलबियांवर काम करणारी. फोन झाल्यावर डॉक्टर आमच्याकडे आले आणि फ्रीज न उघडता बसले. तेव्हाच मला कळलं, काहीतरी मोठं आहे. म्हणाले, "विनया, तिकडे आता हिवाळ्याचं डोकं फिरलंय. मधेच ऊन पडतं, रोपं फसतात, मग गारठा येतो आणि शेतंच्या शेतं झोपतात. कमलानं विचारलं, सर, आपकी वो ज़िद्दी वाली अभी है क्या?" त्यांचे डोळे भरून आले होते. "नापास म्हणाले होते गं. आता तीच हवी आहे."

मी म्हटलं, "मग पाठवून द्या ना डबी. कुरियरनं जाईल."

"छे," डॉक्टर म्हणाले. "म्हातारं बी आहे. शंभरातलं एखादं रुजेल. तिच्या हातात असं बी ठेवू? मी ह्या हिवाळ्यात ताजं करतो. मार्चमध्ये ती मुंबईला येणारच आहे कामाला. तेव्हा ओंजळभर देतो, तजेलदार."

काकूंनीही सांगून बघितलं. निम्मं पाठवा, निम्मं पेरा. पण आपल्या लेकीची पाठवणी करताना तिला विटकं लुगडं नेसवायचं नाही, असा काहीसा हट्ट होता तो. त्यांनी सगळं बी पेरलं. डबी रिकामी केली. त्यातून मोजकीच रोपं उगवली, आणि ती बघायला त्यांनी मला बोलावलं तेव्हा बारशाला आल्यासारखं वाटलं मला. सगळी आडमुठी आता त्या चार कुंड्यांत होती.

डिसेंबरच्या मध्यावर डॉक्टरांच्या छातीत दुखायला लागलं. काकू त्यांना घेऊन दवाखान्यात धावल्या, आणि जाताना जयाबेनच्या हातात किल्ली देऊन एवढंच म्हणाल्या, "घर बघा जरा, झाडांना पाणी घाला." त्यांच्या मनात बाल्कनीतली तुळस. मी तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला होते. ऑपरेशन, मग इन्फेक्शन, मुक्काम लांबत गेला. काकूंना अन्नाची शुद्ध नव्हती, तिथं मागच्या खोलीची कुठून असणार? आणि डॉक्टर शुद्धीवर असताना विचारत तेव्हा काकू 'सगळं ठीक आहे' म्हणत. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी परतले ती डॉक्टर घरी यायच्या आदल्या दिवशी. जयाबेननी मला जिन्यातच पकडलं. "विनयाबेन, चला, दाखवते. डॉक्टरसाहेब एकदम खूश होणार!" आणि मला त्यांच्या बाल्कनीत नेलं. आडमुठी उन्हात उभी होती. पानं हाताएवढी, हिरवीगार, कुंडीबाहेर ओसंडणारी.

"बघा ना, किती मस्त झाला आहे," जयाबेन म्हणाल्या. "फ्रीजमध्ये बिचारा ठंडीने अकडून गेला होता. इतना छोटा छोटा. आतमध्ये लाइट जळतेय, दरवाजा बंद. मी बोलली, घर बंद आहे, आग-बिग लागली तर? म्हणून फ्रीज बंद केला, साफ केला, दरवाज्यात पेपर लावला, वास येऊ नये ना. आणि यांना बाहेर काढला. त्याला पण सूरज पाहिजे की नाही?"

पुढं त्या बोलत होत्या, पण मला ऐकू येईना. 'परत बसतं' हे दोनच शब्द डोक्यात. मी 'छान' म्हटलं आणि घरी येऊन पलंगावर बसून राहिले. जयाबेनवर राग काढावा तर कसा काढावा? बंद घरातला फ्रीज बंद करून दारात पेपर खोचायचा, हे ह्या इमारतीतल्या कुठल्याही बाईनं केलं असतं. मी नाशिकला जाताना माझ्या घरी तेच केलं होतं. आणि ह्या बाईनं तीन आठवडे रोज सकाळी उठून बिनमिठाची खिचडी दवाखान्यात पोचवली होती, मुलाच्या स्कूटरवर मागं बसून, मांडीवर डबा धरून.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले. निम्मे झाले होते. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच जयाबेन आणि त्यांचा मुलगा एकेक कुंडी घेऊन आत आले, आणि चारही समोर मांडून जयाबेन हात जोडून उभ्या राहिल्या. "सरप्राइज, डॉक्टरसाहेब! तुमची सगळी झाडं मी वाचवली."

डॉक्टर त्या पानांकडे बघत राहिले. मग एकदा माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं बहुतेक, कारण त्यांनी अगदी हलकेच मान हलवली. नको. मग पुढं वाकून एक पान हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, आणि म्हणाले, "जयाबेन, काय माया केलीत हो. अशी पानं मला कधी जमली नव्हती."

जयाबेन रडायलाच लागल्या. काकूंना काही उमगलं नव्हतं, त्याही रडल्या. मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावून दार लोटून घेतलं. "अजून एक वाट आहे," म्हणाले. "पानं छाटायची, नुसते मुळावरचे गड्डे ठेवायचे, आणि परत फ्रीज. अगदी हळूहळू. वय झालंय त्यांचं, ऊन खाल्लंय. पण बघू." आणि मग, "जयाबेनला कळता कामा नये. कधीच."

छाटलेल्या पानांचं काय करायचं, असा प्रश्न आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "भाजी करा. जयाबेनला सांगा, त्यांच्या हातची." संक्रांतीचा दिवस होता. जयाबेननी लसूण घालून भाजी केली, बाजरीचे रोटले केले, आणि आम्ही सगळे डॉक्टरांकडे जेवायला बसलो. डॉक्टरांनी पहिला घास घेतला आणि थांबले. आम्हाला वाटलं, तिखट लागली. म्हणाले, "इतकी वर्षं वाढवली, चव आज कळली. कधी एक पान तोडायचा धीर झाला नाही." मग त्यांनी परत मागून घेतली. मी ताटातली भाजी रोटल्याच्या तुकड्यानं इकडून तिकडे सारत होते. जयाबेन मला म्हणत होत्या, "खा ना, लाजते कशाला?"

गड्डे फ्रीजमध्ये गेले. डायल थोडा थोडा पुढं. डॉक्टरांना उठायला बंदी होती, म्हणून मी जाऊन बघून येई आणि सांगे. सुरुवातीला बरं होतं, एकावर कोवळा फुटवाही आला. त्या दिवशी डॉक्टरांनी मला माझ्याच घरून चहा करून आणायला लावला, साखरेचा. मग फुटवा काळा पडला. फेब्रुवारी सरेपर्यंत चारही मुळाशी मऊ झाले, आणि शेवटच्या कुंडीतला मी बोटानं हलवला तर तो हातात आला. मी ते कसं सांगू ह्या विचारात दारात उभी होते. डॉक्टर आतूनच म्हणाले, "सांग विनया. मी सरावलोय."

मार्चमध्ये कमला आली. उंच, शांत, गालांवर डोंगरातल्या बायकांसारखा लाल रंग. वाकून पाया पडली. तिनं बरोबर कापडाची एक छोटी पिशवी आणली होती, बी न्यायला, तोंडाला नाडी शिवलेली. ती पिशवी तिनं टीपॉयवर ठेवली. सगळ्यांच्या नजरेसमोर ती तिथं पडून राहिली.

"नहीं हुआ, कमला," डॉक्टर म्हणाले. "मुझसे रह गया."

"एक भी दाना नहीं, सर?"

"एक भी नहीं."

जयाबेन त्याच वेळी ढोकळा घेऊन आल्या होत्या. कमलाला आग्रहानं वाढत त्या म्हणाल्या, "साहब का तबियत इतना खराब था, फिर भी उनका भाजी हमने एकदम फर्स्ट क्लास रखा था. आप लेट हो गये, हमने खा भी लिया!" कमलानं जयाबेनकडे पाहिलं, मग सरांकडे. तिला किती कळलं ते मला सांगता येणार नाही. बाई हुशार होती. तिनं ढोकळा घेतला आणि म्हणाली, "अच्छी बनी होगी." निघताना तिनं पिशवी उचलली, घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि जिन्यात जरा वेळ कठड्याला धरून उभी राहिली. मी पुढं गेले तर म्हणाली, "ऑक्टोबर में मुट्ठी भर भेज देते ना दीदी, जैसा भी था. हम लोग एक-एक दाने को उगा लेते. वहाँ तो मशीनें हैं."

हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण ते स्वतःच तेवढंच बोलत राहिले. जयाबेनला त्यांनी कधी मनातसुद्धा दोष दिला नाही. उलट एकदा हसून म्हणाले, "पहाडातल्या उन्हाला भुलली नाही, जयाबेनच्या मायेला भुलली. एवढा आडमुठेपणा मी तिच्यात घालू शकलो नाही." पण स्वतःला सोडलं नाही. "ताजं देतो म्हणालो. कोण मागत होतं ताजं? देणाऱ्याचा तोरा होता माझा. ज्याची गरज आहे त्याला आहे तसं द्यावं, विनया. म्हातारं तर म्हातारं." दुपारी त्यांच्याजवळ बसले की फिरून फिरून गाडी तिथंच यायची. आमच्या घरी यायचे ते बंद झाले. आमच्या फ्रीजची खुशाली विचारायचे मात्र.

गणपतीच्या आधीच ते गेले. झोपेत गेले, सगळे म्हणाले भाग्यवान. मुलगा आला आणि काकूंना घेऊन जायचं ठरलं, त्यांना घाम येईल अशा गावातून त्या उणे अठ्ठावीसमध्ये. घर आवरताना काकूंनी तो दुसरा फ्रीज जयाबेनना देऊन टाकला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काकू, तोच फ्रीज? त्यांनाच?" काकूंना सगळं ठाऊक होतं, डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यातून आल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला दिला असता तर तिला वाटलं असतं, माझं काही चुकलं का. ते तिच्या तोंडावर कधी एक शब्द बोलले नाहीत. मग मी फ्रीजनं कशाला बोलू?"

आता तो जयाबेनच्या स्वयंपाकघरात असतो. त्यात परत कप्पे बसवलेत, आणि लोणची, खाखरे, सुनेचे चॉकलेटचे साचे असा संसार भरलाय. गेल्या डिसेंबरात मी विरजण मागायला गेले होते. जयाबेन लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "विनयाबेन, ठंडी आली की मला डॉक्टरसाहेबांची ती भाजी याद येते. असा टेस्ट परत नाही भेटला. त्याचा बी कुठे मिळेल काय? केबिन रोडला सगळीकडे विचारला मी. आपण टेरेसवर लावू ना, त्यांच्या नावाने."

"आता नाही मिळत ते," मी म्हटलं.

"असं कसं? शोधला तर मिळेल."

विरजण फ्रीजमध्ये होतं. मी दार उघडलं, आणि वाटी घ्यायच्या आधी हात आपोआपच पुढं गेला, तळवा खाली करून. डोळेही मिटले असावेत, कारण जयाबेननी विचारलं, "काय झाला? बराबर ठंडा होत नाही काय?"

"होतोय," मी म्हटलं. "अगदी बरोबर होतोय."